सोन्याआधी चांदी तपास

प्रिय,

सोन्याचं कॅटॅलिस्ट वापरून तू फिनाइलॲसिटिलीन या अल्काइनवर (कार्बन-कार्बन तिहेरी बंध असलेलं संयुग) पाणी जोडून ॲसिटोफिनोन हा कीटोन बनवतोयस. फिनाइलॲसिटिलीनचा स्पॉट गेला आणि ॲसिटोफिनोनचा आला, एवढ्यावरून काम सोन्यानं केलं असं वहीत लिहू नकोस. तुझ्या फ्लास्कमध्ये सोन्यासोबत चांदीचं मीठ आहे, आणि ओलाव्यामुळे थोडं तीव्र आम्लही असू शकतं. तिघांपैकी कोण राबलं, ते ब्लँक, म्हणजे सोन्याशिवायची तुलनेची रिॲक्शन, लावल्याशिवाय कळत नाही.

म्हणून चांदी आधीच बाजूला काढ. ट्रायफिनाइलफॉस्फिन गोल्ड क्लोराइड २४७ मिग्रॅ आणि सिल्व्हर ट्रायफ्लिमाइड १९४ मिग्रॅ, दोन्ही ०.५ मिलिमोल, ५ मिली कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये १५ मिनिटं ढवळ. फ्लास्कला फॉइल गुंडाळ. चांदी सोन्यावरचं क्लोराइड ओढून घेते; पांढरा साका त्या सिल्व्हर क्लोराइडचा. तो उजेडात जांभळट पडतो, आणि नवखं माणूस 'सोनं मेलं' म्हणून सगळंच ओतून देतं. सेलाइटमधून (गाळण्याची बारीक पूड) गाळून उरलेल्या स्वच्छ द्रावणाला जांभळी झाक आली किंवा काचेला आरसा धरला, तरच सोनं मेलं, म्हणजे धातू होऊन निकामी झालं, समज. गाळलेलं द्रावण आटवलं की सोन्याच्या कॅटॅलिस्टची पांढरी पूड मिळते. ती हवेत टिकते. दर वेळी चिकट, ओलावा ओढणारं चांदीचं मीठ तोलण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता १०२ मिग्रॅ अल्काइन, २ मिली मिथेनॉल, ३६ मायक्रोलिटर पाणी आणि १५ मिग्रॅ पूड, म्हणजे २ मोल टक्के (अल्काइनच्या दर शंभर रेणूंमागे दोन). शेजारी ब्लँकच्या दोन व्हायल, बाकी सगळं तसंच: एकीत पुडीऐवजी सिल्व्हर ट्रायफ्लिमाइड ७.८ मिग्रॅ, दुसरीत त्याचंच आम्ल ५.६ मिग्रॅ. तापमान आणि वेळ तिन्हींना सारखीच. आम्लाची व्हायल टाळू नकोस. १९९८ मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीच्या टेलेस आणि सहकाऱ्यांनी अल्काइनवर अल्कोहोल जोडलं, तेव्हा मिथाइल-सोन्याचं संयुग आम्ल घालूनच जागं केलं होतं. आम्ल या गोष्टीत पहिल्यापासून आहे.

रिॲक्शन अर्ध्यावर थांबली तर लोडिंग, म्हणजे कॅटॅलिस्टचं प्रमाण, वाढवायची घाई नको. आधी विष शोध: धुण्यातून राहिलेलं क्लोराइड, आधीच्या पायरीतला थायॉल (गंधकाचं संयुग), मोकळं अमाइन. सोन्याला ही मंडळी अल्काइनपेक्षा प्रिय.

टीएलसीसाठी (पातळ थरावर स्पॉट पाहण्याची चाचणी) नमुना काढलास की कॅटॅलिस्ट बंद पाडायला त्यात ट्रायइथाइलअमाइन या अमाइनचा एक थेंब टाक, नाहीतर त्यातली रिॲक्शन व्हायलमध्येच पुढे सरकत राहते. रोटाव्हॅपला (द्रावक आटवायचं यंत्र) लावण्याआधी मुख्य फ्लास्कमध्येही दोन-तीन थेंब. आटताना कॅटॅलिस्टची तीव्रता वाढते, आणि नाजूक उत्पादन असलं तर तिथेच बिघडतं. एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन ओळखणारी तपासणी) २.६० पीपीएमला कीटोनचा मिथाइल दिसेल, ३.०७ ला उरलेलं अल्काइन. ३.१८ च्या आसपास मेथॉक्सीची रेघ आली तर घाबरू नकोस, तो मिथेनॉलचा कीटाल आहे, म्हणजे कीटोनवर मिथेनॉल जोडलेलं रूप. सौम्य आम्लासोबत हलवलास की फुटतो.

जांभळी झालेली व्हायल ॲक्वा रेजियानं निघते, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणानं: हायड्रोक्लोरिक ३ भाग, नायट्रिक १. धूरकपाटातच, ॲसिटोन आसपास नको, बाटलीचं बूच कधीच घट्ट लावायचं नाही. नंतर डिस्टिल्ड पाण्यानं चार-पाच वेळा खळबळून घे. क्लोराइड राहिलं तर पुढची रिॲक्शन तिथेच अडते.