अंधार पडल्यावरच येणारी हरणं

प्रश्न : आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो. परवाना काढून यंदा धनुष्यबाणाने पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार सुरू केली. लसूणघासाच्या शेताकडेला मचाण आहे. आधी हरणं उजेडी यायची, आता अंधार पडल्यावरच येतात. काय चुकतंय?

उत्तर : (भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे उत्तर तिकडच्यापुरतं.) मचाणाची जागा ठीक असावी, चुकते आहे ती बहुधा तुमची जा-ये. दिवसा रानात बसलेली हरणं तिन्हीसांजेला शेतात येतात. अंधारात तुम्ही खाली उतरता तेव्हा ती समोरच चरत असतात. एखादी मादी खूर आपटून फुत्कारते आणि सगळी शेपट्या उभारून पळतात. हे चार-दोनदा घडलं, की उजेडी ती तिथे फिरकत नाहीत.

म्हणून शेतात हरणं असताना उतरू नका. शेतमालकाला गाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन यायला सांगा. वाहनांची सवय असल्याने हरणं नुसती रानात सरकतात. मचाणात माणूस आहे हे त्यांना कळत नाही. रात्रभर ती शेतातच असतात, तेव्हा या मचाणावर पहाटे बसूच नये असं आमचं ठाम मत आहे.

वारा हरणांकडून तुमच्याकडे हवा. उलटा असेल त्या दिवशी घरीच थांबा. हवामानाच्या अंदाजावर विसंबू नका. मचाणावरून मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस सोडा, तो आपल्या रुईच्या म्हातारीसारखा तरंगत वास कुठे जाईल ते दाखवतो. उतारावर ऊन तापलं की हवा वर चढते आणि संध्याकाळी थंड होऊन खाली ओघळते. शेत मचाणाच्या खालच्या अंगाला असेल, तर शांत संध्याकाळी तुमचा वास थेट तिथेच उतरतो.

जाड जॅकेट पिशवीत न्या, मचाणाशी पोहोचल्यावर घाला. चालताना घाम आला तर वास वाढतो. आवाज होऊ नये म्हणून वाटेवरच्या फांद्या आणि वाळकी पानं हंगामाआधीच काढा. बकलं, साखळ्या यांना कापडी पट्टी गुंडाळा.

प्रश्न : बंदुकीच्या हंगामात धनुष्यवाल्यांनाही भडक नारिंगी किंवा गुलाबी घालावं लागतं. नारिंगी हरणांना दिसत नाही?

उत्तर : दिसतं, पण मळकट. नारिंगी-लाल रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत. निळा मात्र ठळक दिसतो. त्यामुळे निळी जीन्स नको आणि कपडे चमक आणणाऱ्या साबणपावडरीत धुऊ नका, ती चमक निळसर असते. नारिंगी बिनधास्त घाला, फक्त हालचाल कमी ठेवा.