'नाही' म्हटलं की वर्ग गप्प

प्रश्न : मी दुसरीला शिकवते. फळ्यावर चित्र लावून वाक्य बरोबर की चूक ते विचारते. 'मांजर टेबलाखाली आहे' याला सगळा वर्ग ओरडून उत्तर देतो. त्याच चित्रावर 'मांजर टेबलावर नाही' म्हटलं, की चुणचुणीत मुलंही घुटमळतात. त्यांचं लक्ष नसतं, की समजत नाही?
– एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : बाई, मुलांना नावं ठेवू नका. मोठी माणसंही नेमकी इथेच घुटमळतात. हर्बर्ट क्लार्क आणि विल्यम चेस या मानसशास्त्रज्ञांचा १९७२ सालचा प्रयोग तुमच्या खेळासारखाच आहे. तारा आणि अधिकचं चिन्ह, एक वर, एक खाली, शेजारी वाक्य. बरोबर की चूक, बटण दाबून सांगायचं. 'आहे'च्या वाक्यांत खरं वाक्य लवकर ओळखलं गेलं, खोट्याला वेळ लागला. 'नाही' आल्यावर वेळ वाढलाच, शिवाय क्रमही उलटला: खोटं 'नाही' त्यातल्या त्यात लवकर, खरं 'नाही' सर्वांत उशिरा. तुमचं मांजराचं वाक्य या शेवटच्या जातीचं. मूल मांजराला आधी टेबलावर चढवतं, मग चित्राशी ताडून बघतं. जुळत नाही, म्हणून 'चूक' तोंडावर येतं. तेच पुन्हा फिरवून 'बरोबर' म्हणायचं असतं. आपल्याकडे तर 'नाही' येतं वाक्याच्या शेवटी, तोवर मांजर वर जाऊन बसलेलं!

आणि खरं सांगू? मांजर टेबलावर असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं, तर नाही म्हणायचं कशाला? पीटर वेसन यांनी १९६५ मध्ये आठ वर्तुळं दाखवली, सात एका रंगाची, एक वेगळं. त्या वेगळ्याबद्दलचं 'नाही' लोकांना सोपं गेलं. तुम्हीही सात लाल फुगे काढा, एक निळा, आणि निळ्यावर बोट ठेवून 'हा फुगा लाल नाही' म्हणा.

काही माणसं वाक्य ऐकतानाच मनात चित्र काढून मोकळी होतात. १९७८ मध्ये मॅक्लाउड, हंट आणि मॅथ्यूज यांना असे लोक वेगळे दिसले. वाक्यावर ते जास्त रेंगाळायचे, पण पुढे चित्र आलं की 'नाही' त्यांना फारसं अडवायचं नाही. तेव्हा चित्र झाकून ठेवा, वाक्य आधी सांगा, पोरं 'हं' म्हणाली की मगच उघडा. मात्र मांजराला जागा दोनच द्या, वर किंवा खाली. नाहीतर 'टेबलावर नाही' म्हणजे ते चुलीपाशीही असू शकतं, आणि त्याचं चित्र मुलांनी मनात काढायचं तरी कसं?