पेट (PET) स्कॅनमध्ये उजळलं म्हणजे कॅन्सरच का?

रिपोर्ट हातात पडतो, डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात, मधल्या वेळात गूगल, आणि मग मला मेसेज. तेच ते प्रश्न येतायत म्हणून एकदाच सगळ्यांना लिहितो.

प्रश्न : आईची केमो चालू आहे. पेटमध्ये सगळी हाडं उजळलीयत. हाडांत पसरलं का?

आधी हे सांगा, पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं का? पेटमध्ये कॅन्सर थेट दिसत नाही हो, साखर कोण जास्त ओढतंय ते दिसतं. त्या इंजेक्शनने अस्थिमज्जा (हाडांच्या आतला, रक्तपेशी बनवणारा गर) जोरात कामाला लागते, मग मणके, कंबर सगळं एकसारखं उजळतं, कधी प्लीहासुद्धा (पाणथरी). पसरलेला आजार बहुतेकदा ठिकठिकाणी डाग पडल्यासारखा दिसतो, पण नेहमीच नाही, म्हणून फोटो बघून घरी निकाल लावू नका. रोजच्या इंजेक्शननंतर साधारण २ आठवडे थांबून स्कॅन करतात, लांब टिकणारं असेल तर त्याहून जास्त. आणि फॉर्मवर 'चालू औषधं' या रकान्यात लोक रेघ मारून मोकळे होतात!! केमोची तारीख, इंजेक्शन, बायोप्सी, ऑपरेशन, लस, सगळं लिहा, नाहीतर रिपोर्ट लिहिणाऱ्याने काय अंदाज बांधायचे? स्कॅन सेंटरला आणि ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरच्या डॉक्टरांना) आजच फोन करा.

प्रश्न : स्कॅनआधी मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) बंद करू?

मनाने नाही. त्या गोळीने आतडी उजळतात म्हणून बरेच जण ४८ तास आधी थांबवायला सांगतात, पण शुगर २०० च्या वर गेली तर स्कॅनच पुढे ढकलतात. विचारूनच ठरवा.

प्रश्न : लस घेतली, त्याच बाजूच्या काखेत गाठ उजळली.

लसीमुळे असू शकतं. तारीख डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : रेडिएशन संपून ३ आठवडे झाले. सेंटरवाले म्हणतात ऑफर आहे, आत्ताच करून घ्या.

ऑफर बघून स्कॅन करतात का कोणी? रेडिएशनची सूजही उजळते, म्हणून साधारण ८ ते १२ आठवडे थांबतात. मात्र नवीन दुखणं, धाप, रक्त पडणं असलं काही असेल तर आठवडे मोजत बसू नका, लगेच दाखवा.

प्रश्न : इम्युनोथेरपीत (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) गाठ मोठी दिसतेय. ग्रुपवर म्हणतात औषध लागू पडलंय, ही खोटी वाढ.

ग्रुपवर कोणी स्कॅन बघितला का? प्रतिकारपेशी गाठीत शिरल्या की ती फुगलेली दिसते हे खरं, पण असं थोड्याच पेशंटमध्ये होतं, बहुतेक वेळा वाढ ही वाढच असते. तब्येत ठीक असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी परत स्कॅन करून ठरवतात, आणि ते ठरवणार तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट.