अडकून बसता येतंय का बघ

पोरी,

तुझा निरोप दोनदा वाचला. नेटची पात्रता परीक्षा निघाली तर गणितात पीएचडी, नाही निघाली तर बँकेच्या परीक्षा, हा हिशोब मला पटला नाही. नेटच्या तीन तासांत दिलेल्या पर्यायांतून उत्तरं निवडायची असतात. पीएचडीत एकाच प्रश्नावर वर्ष जातं आणि हाताला काही लागत नाही. तिथं अडकून बसता येतं का, हे नेट सांगत नाही.

ते तूच तपास. कॉम्पॅक्ट मेट्रिक स्पेस घे, म्हणजे अंतर मोजता येणारा, शून्य ते एक या बंद अंतरालासारखा आटोपशीर संच. त्यातून त्याच स्पेसमध्ये जाणारं, अंतरं जशीच्या तशी राखणारं फंक्शन घे. ते ऑन्टू असतंच, म्हणजे स्पेसमधला एकही बिंदू सुटत नाही, हे सिद्ध कर. मोबाइलवर शोधायचं नाही, वर्गात कुणाला विचारायचं नाही. खर्डेकर ग्रंथालयात कोरे कागद घेऊन बस. सुटलं की कॉम्पॅक्टची अट काढ. शून्य आणि सगळ्या धन वास्तव संख्या घे, प्रत्येकीत एक मिळव. अंतरं तीच राहतात, पण शून्यावर कुणीच येत नाही. स्पेस तर कम्प्लीट आहे, मध्ये कुठं भोक नाही! मग कॉम्पॅक्टमधलं नेमकं काय कामी आलं होतं? हे जेवताना डोक्यात घोळत राहिलं तर माझ्याकडे ये. आठवडाभर सुटलं नाही तरी ये. उत्तर बघून मात्र येऊ नकोस.

घरची काळजी मला कळते. जेआरएफचे, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन पाठ्यवृत्तीचे, महिना ३७,००० रुपये आहेत, पण ते वेळेवर येतीलच असं धरू नकोस. आणि नुसती प्राध्यापकी हवी असेल, तर जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएचडीची सक्ती नाही. नेट किंवा राज्याची सेट चालते. निवडीत पीएचडीचे गुण धरतात, खरं आहे. पण गुणांसाठी एवढी वर्षं घालवायची?

'सर, तुम्हीपण नोकरी सांभाळूनच केली की,' असं लिहिलंयस. केली. विषय गाईडनी दिला, फ्रॅक्शनल डिफरन्शियल इक्वेशन्स. आधीच्या पेपरातली एखादी अट सैल करायची, फिक्स्ड पॉइंटचं प्रमेय लावायचं, उत्तर आहे आणि एकच आहे असं दाखवायचं, की झाला पेपर. पदवी मिळाली, वेतनवाढ मिळाली. अडकलो कुठंच नाही, आणि त्याचीच हळहळ अजून जात नाही. वडील गेल्यावर घर माझ्यावर होतं, संध्याकाळी शिकवण्या होत्या. अडकायला सवड कुठली? दुसरं काही करता आलं असतं, असं मला आजही वाटत नाही. पण तुझा भाऊ कमावता आहे, आई-वडील धडधाकट आहेत. माझं उदाहरण पुढं करायचं नाही.

एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी शिबिराचा अर्ज भर. १९९३ पासून चाललंय ते. उत्तरं सांगत नाहीत, उलट प्रश्न विचारून रडकुंडीला आणतात. तुला तेच हवंय. पुढं गाईड बघशील, तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना आधी भेट. अडकल्यावर सर काय करायचे, एवढंच विचार. सर पुढची पायरी लिहून द्यायचे, असं कौतुकानं सांगू लागले तर दुसरीकडं बघ.

रविवारी दुपारी मी घरीच असतो. कागद घेऊन ये, खोडलेलेसुद्धा.

तुझा,
सर