लग्नाचे फोटो रिटच करायला टॅबलेट घ्यावा का? सोबत काय काय लागेल?

तुम्ही लिहिलंय की माउसवर काम करून मनगट भरून येतं, आणि आयपॅड घ्यावा की गॅलेक्सी टॅब हे ठरत नाहीये. मी इथे पुण्यात सदाशिव पेठेत बरीच वर्षं लग्नाच्या अल्बमचं रिटचिंग करतोय. माझं सांगणं एवढंच, की आधी पेन ठरवा, टॅबलेट नंतर.

या कामाचा सगळा जीव हाताच्या दाबात आहे. नवरीचा क्लोजअप घ्या. नथीची सावली वरच्या ओठावर पडलेली असते. ती पार पुसली तर नथ चिकटवल्यासारखी दिसते, म्हणून सावली ठेवायची, फक्त थोडी उजळायची. मी वेगळ्या लेयरवर, म्हणजे मूळ फोटोवरच्या पारदर्शक थरावर, ब्रशचा फ्लो (रंग किती उतरतो ते) 5 टक्क्यांवर ठेवतो, कडेला पेन नुसतं टेकवतो, मध्ये किंचित दाबतो. माउसला हलकं-जड कळतच नाही. गालावर मुंडावळ्या आल्या असतील तर मोत्यांच्या मधली त्वचा साफ करताना माउसने एखादा मोती हमखास चेपतो.

म्हणून घेताना नीट बघा. 2023 साली आलेली यूएसबी-सीची अ‍ॅपल पेन्सिल स्वस्त पडते, पण तिला दाब ओळखता येत नाही. नोट्स काढायला छान, आपल्या कामाची नाही. शिवाय प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडला चालत नाही. गॅलेक्सी टॅब एसबरोबर एस पेन खोक्यातच येतं आणि दाबाच्या 4096 पातळ्या ओळखतं. दुकानातच एक रेघ हलकी सुरू करून जड करत न्या. जाडी बदलली नाही तर ते पेन तिथेच ठेवा.

तुमचं काम बहुतेक घरच्या कॉम्प्युटरवरच होत असेल, तर मी वॅकॉमचा छोटा इन्ट्युओस सुचवेन, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची, स्क्रीन नसलेली पेनची पाटी. बराच कमी पैशांत तेवढाच बारकावा मिळतो आणि पेनला चार्जिंग लागत नाही. हात खाली, नजर वर याची सवय व्हायला आठवडा जातो, तेवढा धीर धरा. आयपॅडवर फोटोशॉप 2019 पासून आहे, पण डेस्कटॉपवरचं सगळं त्यात नाही.

बाकी सामान थोडकं. कार्ड रीडर तापकीर गल्लीत मिळेल. एप्रिल-मेच्या घामात दोन बोटांचा ग्लोव्ह हवाच, नाहीतर हात काचेला चिकटतो. स्क्रीनवर लावायची खरखरीत मॅट फिल्म मात्र मी काढून टाकली. कागदासारखी पकड मिळते, पण तिचे बारीक कण आणि त्वचेचा पोत यांत गल्लत होते, पेनचं टोकही लवकर झिजतं.

आणि एक कळकळीने सांगतो. डोळ्यांना आराम देणारा पिवळसर मोड, आयपॅडवर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट, सगळं बंद करा. एकदा रात्री तो मोड चालू राहिला. स्क्रीन पिवळी दिसत होती म्हणून मी प्रत्येक फोटोतला पिवळा कमी करत गेलो. अल्बम छापून आला तेव्हा अष्टपुत्रीचा पिवळा फिका पडला होता आणि नवरीचा चेहरा निळसर. पूर्ण अल्बम माझ्या खर्चाने परत छापला. तेव्हापासून आधी दहा फोटोंचे 4 बाय 6 प्रिंट काढतो, दिवसाउजेडी खिडकीत स्क्रीनशेजारी धरून बघतो, आणि मगच पुढचे फोटो उघडतो.