रॉडमॉन्टेड या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो कोठून आला?

‘रॉडमॉन्टेड’ म्हणजे पोकळ, मोठ्या आवाजात केलेली बढाई. ज्याच्यामागे कृतीचे बळ नाही, असे दर्पयुक्त बोलणे, असा त्याचा आजचा अर्थ आहे. हा शब्द बोलण्यात क्वचितच येतो. तो ग्रंथांच्या भाषेतला आहे आणि इंग्रजीत सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचमधून आला. फ्रेंचने तो इटालियनकडून घेतला होता आणि इटालियनमध्ये तो रोदोमोन्ते नावाच्या एका काव्यातील पात्रावरून तयार झाला.

हे पात्र स्कांदियानोचा सरदार कवी बोयार्दो याने पंधराव्या शतकात ‘ओर्लान्दो इन्नामोरातो’ या महाकाव्यात निर्माण केले. ते काव्य अपुरे राहिले. पुढे आरिओस्तो या इटालियन कवीने तीच कथा ‘ओर्लान्दो फुरिओसो’मध्ये चालवली, ज्याची पहिली आवृत्ती 1516 मध्ये आणि वाढवलेली अखेरची 1532 मध्ये निघाली. रोदोमोन्ते या नावाचा अर्थ ‘डोंगर लोटणारा’ असा लावतात. ते सुचल्याच्या आनंदात बोयार्दोने गावातल्या चर्चच्या घंटा वाजवायला लावल्या, अशी आख्यायिका आहे.

मला या शब्दाबद्दल खरोखर सांगावेसे वाटते ते पुढेच आहे. रोदोमोन्ते हा अल्जियर्सचा राजा असून फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याच्या विरुद्ध लढतो. इतर राजे सल्लामसलत करत असताना हा त्यांना भित्रे ठरवतो आणि वादळाची पर्वा न करता, बाकीच्या सैन्याची वाट न पाहता आपली गलबते समुद्रात लोटतो. पॅरिसच्या वेढ्यात तो रुंद खंदक एका उडीत ओलांडतो, एकटाच शहरात शिरून हाहाकार माजवतो आणि अखेर सेन नदीत उडी घेऊन निसटतो. त्याचा मृत्यूही युद्धातच होतो: रुजेरो या योद्ध्याच्या लग्नसमारंभात येऊन तो त्याला द्वंद्वाचे आव्हान देतो आणि त्याच्या हातून मरतो, व तेथेच काव्य संपते. म्हणजे हा माणूस गर्विष्ठ, उद्धट आणि क्रूर आहे, परंतु पोकळ मुळीच नाही. जे बोलतो ते तो बहुतेक करून दाखवतो. शब्दाने त्याचा आवाज तेवढा ठेवला आणि पराक्रम गाळून टाकला, याला मी अन्यायच म्हणेन.

पोकळ बढाईखोर पाहायचा असेल, तर तो ‘ब्रॅगडोशिओ’ या शब्दामागे सापडतो. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सरने 1590 मध्ये छापलेल्या ‘द फेअरी क्वीन’मध्ये त्या नावाचे पात्र आहे. ते दुसऱ्या योद्ध्याचा घोडा चोरून स्वतःला सरदार म्हणवते आणि शेवटी सर्वांसमक्ष उघडे पडते.

मराठीत भाषांतर करताना ‘रॉडमॉन्टेड’ला मी ‘वल्गना’ हा शब्द निवडीन. ‘फुशारकी’ घरगुती वाटते, ‘आत्मप्रौढी’ फार शांत आहे, तर ‘दर्पोक्ती’ जवळचा असूनही त्यात पोकळपणा येत नाही. ‘वल्गना’ ज्या संस्कृत धातूवरून आला त्याचा मूळ अर्थ उड्या मारणे असा आहे, त्यामुळे खंदकावरून झेप घेणारा तो राजा या शब्दात थोडासा शिल्लक राहतो.