लडाखच्या सरोवरांचे थर पाहण्यापूर्वी

साताऱ्यात भूशास्त्र शिकून तुम्ही लडाखमधील लामायुरूच्या प्राचीन सरोवराचा गाळ पाहायला निघाला आहात, म्हणून कळकळीने सांगतो की वाकलेला प्रत्येक थर भूकंपाच्या खात्यावर टाकू नका. १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण आपल्या भागात इतकी खोल आहे की तसा मोह होणे स्वाभाविक आहे.

हिमनदीच्या पाण्यावर पोसलेल्या सरोवरात उन्हाळ्यातील प्रवाह पोयटा आणि बारीक वाळू आणतात, तर हिवाळ्यात पृष्ठभाग गोठल्यावर निश्चल पाण्यातून अतिसूक्ष्म चिकणमाती सावकाश तळाशी बसते. या वार्षिक जोडीला वार्व्ह म्हणतात. मात्र एकाच उन्हाळ्यातील अनेक पूरही अशा जोड्या टाकू शकतात, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय त्यांवरून वर्षे मोजू नयेत.

थरांच्या विकृतीचा, म्हणजे मूळ सपाट थर वाकण्या-मोडण्याचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे. हादऱ्याने पाण्याने भरलेली वाळू द्रवासारखी वागू लागते, वरचा जड थर तिच्यात गोळ्यांच्या रूपाने बुडतो आणि खालचा मऊ गाळ ज्वाळांसारखा वर घुसतो. परंतु उतारावरील घसरण, गाळाचे झपाट्याने साचणे, हिमनदीचा रेटा किंवा जमिनीचे वारंवार गोठणे-वितळणे यांनीही मिळतेजुळते आकार घडतात. म्हणून विकृत थराच्या वर आणि खाली सपाट, अबाधित थर आहेत का, तीच पातळी दूरच्या छेदांतही, म्हणजे थर उघडे दिसणाऱ्या इतर कड्यांतही, विकृत आहे का आणि जवळ जुना उतार होता का, हे तपासा. तरंगत्या बर्फातून सुटलेला दगडही खालचे थर दाबतो. अशा ठिकाणी नमुना काढण्याआधी मोजपट्टीसह रेखाटन करा.